दुग्धशाळेचा तिसरा भाग

"बूट इथं काढा आणि ह्या घाला," मेजर खर्डेकर म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर पांढऱ्या कापडी सपातांचा एक नवा जोड ठेवला. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सपातांनी ते झाकलं जाईल, म्हणून मला बरंच वाटलं.

मेजर सैन्यातून निवृत्त झालेले. थोरवतांच्या त्या घराची सगळी व्यवस्था आणि बेचाळीस नोकरमाणसं त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी भिंतीवर एके ठिकाणी तळहात दाबला, तसा भिंतीचाच एक तुकडा दार होऊन उघडला. आत अरुंद वाट होती, डोक्यावर ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना नुसता चुना. घरच्या लोकांना आणि पाहुण्यांना नोकरमाणसं दिसू नयेत म्हणून सगळ्या खोल्यांच्या मागून अशी वाट फिरवली होती.

"इथून तुम्ही घरात कुठंही पोहोचाल आणि कुणाला दिसणार नाही," मेजर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. "पाहुण्यांच्या बाजूनं यायचं नाही, आठल्ये. तेवढं एक पाळा."

मी मान हलवली. तसा मी जन्मभर कुणाला न दिसताच वावरलो होतो, पण कुणी तसा नियम घालून दिला नव्हता.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकसष्ट वर्षांचा होतो. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून नुकताच मोकळा झालो होतो. उद्योगपती जयसिंगराव थोरवतांनी मुळशीकडे एका टेकडीवर घर बांधलं होतं, त्यात चौदा हजार पुस्तकं येऊन पडली होती, आणि ती लावायला चार महिन्यांसाठी एक अनुभवी माणूस हवा होता. पुण्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी माझं नाव सुचवलं. त्यांना दुसरं कुणी मिळालं नसावं.

भिंतीमागच्या वाटेनं आम्ही ग्रंथालयात निघालो. दार उघडलं आणि मी तिथंच उभा राहिलो. दोन मजले उंच खोली. छतापर्यंत सागवानी फळ्या, त्यांना पितळी दांडा, दांड्यावर सरकणारी शिडी. एका बाजूला भिंतच नव्हती, काच होती आणि काचेखाली धरणाचं पाणी. हवा बाराही महिने एकाच मापाची गार ठेवलेली, पुस्तकांना मानवेल अशी. काचेपाशी एक खुर्ची होती. रुंद, तपकिरी, हातावर पुस्तक टेकायला फळी असलेली. तिच्यावर कुणी कधी बसलेलं दिसत नव्हतं.

आमच्या वाचनालयाला पत्रा होता. पावसाळ्यात मी सात बादल्या मांडायचो आणि कुठल्या गळतीखाली कुठली बादली हे मला पाठ होतं. एका वर्षी वाळवीनं मागचं कपाट पोखरलं, त्यात दोनशे पुस्तकं गेली. समितीकडे मी तेव्हा लोखंडी कपाट मागितलं होतं. अध्यक्ष म्हणाले होते, बघू.

त्या खोलीत उभं राहून मला हेवा वाटला. मला हेवा वाटतच नाही असं मी पूर्वी समजत होतो. दागिने, मोटारी, बंगले पाहून मला कधी काही झालं नव्हतं. ती शिडी मात्र मी हात लावून एकदा सरकवून पाहिली.

पहिला दीड महिना तो हेवा मला सोसवला, कारण त्याच्या जोडीला तुच्छता होती. मालक क्वचितच यायचे. आले की हेलिकॉप्टरचा आवाज यायचा आणि गेले की पुन्हा यायचा. ग्रंथालयाकडे कुणी फिरकत नव्हतं. मुंबईची एक सजावटकार बाई मात्र दर आठवड्याला निरोप पाठवायची. जी जुनी, फाटकी पुस्तकं आहेत ती सगळी एकाच चॉकलेटी चामड्यात बांधून घ्यायची, कण्यावर सोनेरी अक्षरं, म्हणजे काचेसमोर ती एकसारखी दिसतील. दर मंगळवारी पुण्याहून बाइंडर यायचा. प्रत्येक पुस्तकात मी एक चिठ्ठी घालायची, कण्यावर काय छापायचं त्याची, आणि तो गठ्ठा घेऊन जायचा.

संध्याकाळी मी कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करून सगळं सांगायचो. जोडे ठेवायला आमच्या घराएवढी खोली आहे. स्वयंपाकघरं तीन आहेत, त्यातलं एक नुसतं दाखवायचं. फुलं गार ठेवायला वेगळी खोली आहे.

"आपल्याकडे पण आहे की," कुमुद म्हणाली. "तुमची पुस्तकं आतल्या गार खोलीत आणि मी बाहेर."

मी म्हणालो की इथली सगळी पुस्तकं शोभेची आहेत, या माणसानं एकही उघडलेलं नसणार.

"मग तुम्हाला बरं वाटत असेल," ती म्हणाली. कुमुद शाळेत शिकली ती सातवीपर्यंतच, पण माझ्या मनातलं तिला बाहेरून वाचता यायचं.

खरंच बरं वाटत होतं. दुपारी जेवण झालं की मी त्या खुर्चीत जाऊन बसू लागलो. पंधरा मिनिटं, मग वीस. चोरी पकडली जाईल म्हणून कान दाराकडे असायचे, पण बसायचो.

एका रविवारी तिथंच माझा डोळा लागला. जाग आली ती कुरकुरीत काहीतरी चावल्याच्या आवाजानं. भिंतीतलं नोकरांचं दार उघडं होतं आणि समोर पायजमा-बंडीतला एक ठेंगणा, काळासावळा माणूस हातात वाटी घेऊन उभा होता. वर्तमानपत्रात फोटो पाहिलेला असूनही मला ओळखायला वेळ लागला. मी धडपडत उठलो. सपाता सापडेनात.

"बसा, बसा," जयसिंगराव म्हणाले. "ती खुर्ची कुणीतरी वापरतंय, बरं झालं. मला तिच्यात पाय टेकत नाहीत." मग वाटी पुढं केली. "भडंग घ्या. मेजरांना सांगू नका, इथं खायला बंदी आहे."

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि मला खुर्चीतच बसवून घेतलं. ही पुस्तकं लावता तरी कशी, म्हणून विचारू लागले. मी चाचरत दशांश पद्धत समजावली. प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तो पेन्सिलीनं लिहायचा, आणि पुस्तक त्या आकड्याच्या जागी ठेवायचं. चुकीच्या आकड्यावर गेलेलं पुस्तक म्हणजे हरवल्यातच जमा.

"पुलांना काय आकडा?"

"सहाशे चोवीस," मी म्हणालो.

"सहाशे चोवीस," त्यांनी म्हणून पाहिलं. "मग तिथं माझं एक पुस्तक यायला पाहिजे."

आणि त्यांनी त्या पुस्तकाचं नाव घेतलं.

इथं मला थोडं मागं जायला हवं. कृष्णाजी बाळाजी खांबेटे नावाचे एक ओव्हरसियर होऊन गेले. त्यांनी नदीवरच्या एका पुलाच्या बांधकामाच्या आठवणी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या खर्चानं छापल्या होत्या. नाव इतकं लांब आणि नीरस की मी त्याला ओव्हरसियरचं पुस्तक म्हणायचो. आमच्या वाचनालयात त्याची एक प्रत होती. मी ती चौदा वेळा वाचली. माझ्याखेरीज कुणी कधी ती घरी नेली नाही. मराठीतलं हे सर्वांत समाधानी माणसाचं पुस्तक आहे, असं माझं मत होतं. सकाळचा चहा, विटांच्या भट्ट्या, नदीची मापं, संध्याकाळी मुकादमाशी गप्पा. त्याच्यावर एक लेख लिहायचा म्हणून वीस वर्षांत मी चार वह्या भरल्या होत्या. लेखाचं पहिलं वाक्य काही मनासारखं झालं नाही. मग वाळवी लागली त्या कपाटात ती प्रतही गेली. तरी हे पुस्तक माहीत असलेला मी एकटाच उरलोय, असं मला वाटायचं. माझ्याकडे एवढंच होतं.

"तुम्हाला ते कसं माहीत?" मी विचारलं. आवाज माझा मलाच उद्धट वाटला.

जयसिंगराव तेवीस वर्षांचे असताना एका पुलाच्या कामावर होते. तिथल्या म्हाताऱ्या इंजिनिअरकडे ते पुस्तक होतं. थोरवतांनी ते मागून घेतलं, पण शेवटचं प्रकरण राहिलेलं असतानाच इंजिनिअरची बदली झाली आणि पुस्तक त्यांच्याबरोबर गेलं. पुढं पैसा आल्यावर त्यांनी माणसं सोडली, जुन्या इंजिनिअर-ओव्हरसियरांच्या घरातून पुस्तकं निघतील ती सगळी घ्या म्हणून.

"चौदा हजार पुस्तकं जमली. घरातली म्हणाली, मग खोली पण चांगली करू. खोली झाली. पुस्तक काही आलं नाही अजून."

अजून साठ खोकी उघडायची होती. मला गप्प बसता आलं असतं, पण मी म्हणालो, "मी ते चौदा वेळा वाचलंय."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मलाही क्षणभर आनंद झाला. वाटी खाली ठेवून ते पुढं सरकले.

"मग पाण्याचं तुमच्या ध्यानात आलंच असेल."

"कुठल्या पाण्याचं?"

"मापं ओ. रोजची पाण्याची मापं देतो की तो."

मापं मी नेहमी ओलांडून जायचो. इतके फूट, तितके इंच. त्यात वाचण्यासारखं काय होतं?

जयसिंगरावांनी मला समजावून सांगितलं. अगदी हलक्या आवाजात, मला लाजवावं असा त्यात काही भाव नव्हता. नवव्या प्रकरणात नऊ मजूर पुलाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात बुडून मरतात. खांबेटे लिहितात की अकस्मात पूर आला. पण त्याच प्रकरणात, चहा आणि विटांच्या मधेमधे, मापं दिलेली आहेत. सोमवारी आठ फूट. मंगळवारी साडेनऊ. बुधवारी अकरा. गुरुवारी सकाळी मजूर खाली उतरले.

"अकस्मात कुठं आला पूर? तीन दिवस चढत होता. ह्यानं स्वतः मोजलाय. मोजून माणसं खाली उतरवली, कारण काम मागं पडलं होतं. तोंडानं बोलवेना म्हणून आकड्यात लिहून ठेवलं. सगळं पुस्तकच त्याच्यासाठी लिहिलंय त्यानं. शेवटच्या प्रकरणात तरी उघड बोलला का, एवढंच मला बघायचंय."

मी काहीतरी म्हणालो. होय, ते आहेच, असं काहीतरी. ते वाटी घेऊन भिंतीतून गेले आणि मी खुर्चीत बसून राहिलो. चौदा वेळा. चार वह्या. समाधानी माणूस.

त्यांच्याकडे ती खोली होती, शिडी होती, काचेखालचं आख्खं धरण होतं. मला त्याचं काही वाटेनासं झालं. एका पुस्तकाचं मात्र सहन होईना. त्यांनी ते एकदाच वाचलं होतं, तेही अपुरं, आणि तरी ते त्यांचंच होतं.

एकोणीस दिवसांनी, साताऱ्याकडच्या एका ओव्हरसियरच्या घरून आलेल्या खोक्यात, मला ते मिळालं. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी, पण सगळी शाबूत. मी ते शर्टाच्या आत घालून माझ्या खोलीवर नेलं आणि दुपारभर वाचलं. या वेळी नुसती मापं वाचली. थोरवत म्हणाले होते ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

मग शेवटचं प्रकरण काढलं. पेन्शनीत निघाल्यावर खांबेटे एकदा पुलावर जातात. कठड्यापाशी दिवसभर बसतात. प्रकरण संपतं ते असं: "सकाळी आठ फूट, दोन प्रहरी साडेनऊ, सायंकाळी अकरा. आज कोणी खाली उतरावयास निघता तर मी त्यास नको म्हटले असते."

हे वाक्य मला पाठ होतं. म्हाताऱ्याची माया, असं मी वहीत लिहिलं होतं. आता ते आकडे पाहिले. आठ, साडेनऊ, अकरा. तेच तीन. बोलला होता तो. आणि थोरवतांना हेच तर हवं होतं.

मी चौतीस वर्षांत वाचनालयातून एक टाचणी घरी आणली नव्हती. पुस्तक चोरायचा विचार त्या दिवशीही माझ्या मनाला शिवला नाही. चोरी करणारा माणूस मी नव्हेच, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं. पुस्तक या घरातच राहील. फक्त सापडणार नाही.

त्याच खोक्यात एका जुन्या संस्थानाच्या दुग्धशाळेचे अहवाल होते, दोन भाग, तेही फाटलेले. मंगळवारी बाइंडर यायचा होता. दोन्ही अहवालांत मी चिठ्ठ्या घातल्या, 'दुग्धशाळा अहवाल, भाग १', 'भाग २'. मग ओव्हरसियरच्या पुस्तकात तिसरी चिठ्ठी घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सहाशे सदतीस लिहिलं. दुग्धव्यवसायाचा तो आकडा. उद्या कुणी उघडलंच तर बाइंडरची चूक म्हणता आली असती, तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण दुग्धशाळेच्या अहवालाचा तिसरा भाग कोण उघडतो?

पुढल्या मंगळवारी तीन चॉकलेटी पुस्तकं परत आली. सोनेरी अक्षरं सुबक होती. मी शिडी सरकवली, वर चढलो आणि ती तिन्ही शेजारी शेजारी लावली. त्या महिन्यांत मी शिडी वापरली तेव्हा तेव्हा मला हेवा वाटला होता. त्या दिवशी वाटला नाही.

निघायच्या आदल्या दुपारी जयसिंगराव आले. या वेळीही भिंतीतून. शर्टपँटीत होते, थकलेले दिसत होते. सगळी खोकी उघडली का, म्हणून त्यांनी विचारलं.

"सगळी," मी म्हणालो. "ते नाही मिळालं."

त्यांनी मान हलवली. मग काचेपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"तुम्ही वाचलंय की पण. शेवटी काय आहे? सांगतो का तो?"

मी शिडी दांड्याच्या टोकाशी नेऊन ठेवू लागलो. त्यांनी मला घाई केली नाही. बोलू लागले ते पाण्याकडे बघतच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीच्या एका बोगद्यात पाणी शिरून सात माणसं गेली होती. ते मी पेपरात वाचलं होतं. अचानक झरा फुटला, असं छापून आलं होतं आणि चौकशी चालू होती.

"गळतीची मापं रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर यायची," जयसिंगराव म्हणाले. "चार दिवस वाढत होती. मी बघितली होती. वकील म्हणतात, अचानक हाच शब्द धरून ठेवा. पुढल्या आठवड्यात माझी साक्ष आहे." मग म्हणाले, "तो माणूस शंभर वर्षांमागचा. त्याला कोण विचारायला येणार होतं? तरी तो शेवटी बोलला असेल, तर मला बोलता येईल असं उगीच वाटतंय बघा."

मला सगळं कळत होतं. मला कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. वर, डाव्या हाताला, तिसऱ्या ओळीत ते वाक्य होतं, आणि माझ्या तोंडातही होतं. ते मी म्हटलं असतं तर ते त्यांचं झालं असतं. शेवटच्या प्रकरणासकट.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "पेन्शन, नातवंडं, तीर्थयात्रा. शेवटी देवाचे आभार मानलेत."

"पाण्याचं काही नाही?"

"नाही."

"म्हणजे नाहीच बोलला," जयसिंगराव म्हणाले. मग वळले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार काम केलंत आठल्येसाहेब. त्या खुर्चीत बसून जा निवांत. आज मेजर काही म्हणणार नाहीत."

मी बसलो नाही.

पुढल्या आठवड्यात त्यांची साक्ष झाली. अचानक, असं त्यांनी सांगितलं. पेपरात चार ओळी आल्या. चौकशी बंद झाली. कुमुदला मी त्या ओळी दाखवल्या नाहीत. लेखाच्या वह्या मात्र काढल्या आणि पाण्याच्या मापांवर नव्यानं टिपणं करायला बसलो, जणू ती मलाच दिसली होती. दोन पानांपुढं गेलो नाही.

दोन वर्षं गेली. एका सकाळी पेपरच्या पहिल्या पानावर जयसिंगरावांचा फोटो होता. बोगद्याची चौकशी पुन्हा उघडावी, असा अर्ज त्यांनी स्वतः केला होता. गळती वाढतेय हे मला माहीत होतं, मी काम थांबवलं नाही, आधीची साक्ष खोटी होती, असं लिहून दिलं होतं. खटला चालला. ते काही महिने आत गेले, कंपनीवरून उतरले. आमच्या गावात लोक म्हणायचे, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं, गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी ऐकून घ्यायचो. एवढ्या उशिरा त्यांना कशामुळे बोलावंसं वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. एक विचार पुन्हा पुन्हा जवळ यायचा आणि मी तो सोडून द्यायचो.

आणखी सात वर्षांनी ते वारले. मृत्युलेखात त्यांच्या लहानपणाची हकिगत होती. वडील नव्हते, आईनं चार म्हशींवर घर चालवलं, आणि हे कॉलेजात जाईपर्यंत पहाटे घरोघर दूध घालत होते. दुधातलं सगळं त्यांना कळायचं, असं त्यांच्या बहिणीनं सांगितलं होतं. पुढं कितीही मोठे झाले तरी दुधाविषयी छापलेलं काहीही हातात आलं तर वाचल्याशिवाय ठेवायचे नाहीत.

मी पेपर घडी करून ठेवला. पुन्हा उघडला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. चौदा हजार पुस्तकांत मी नेमकी हीच जागा निवडली होती.

महिन्याभरानं कुरियरनं एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या जागी मेजर खर्डेकरांचं नाव होतं, पण आतल्या खाकी कागदावर माझं नाव दुसऱ्या अक्षरात होतं, थरथरत्या. साहेबांनी जाण्याआधी स्वतः बांधून ठेवलं होतं, असं मेजरांनी एका ओळीत कळवलं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन कागद सोडला. चॉकलेटी चामडं, सोनेरी अक्षरं.

चिठ्ठी कुठंच नव्हती. मी सगळी पानं उलटून पाहिली. नवव्या प्रकरणात काही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर, आठ, साडेनऊ, अकरा यांच्या शेजारी, समासात पेन्सिलीनं चार आकडे होते. गळतीची मापं असावीत. त्यांच्याखाली तारीख होती. मी कपाटातून जुनं कात्रण काढून ताडून पाहिलं. त्यांनी अर्ज केला त्याच्या आदल्या दिवसाची.

मग पहिलं कोरं पान उघडलं. माझं सहाशे सदतीस त्यांनी एका रेघेनं खोडलं होतं. हलकेच, खालचा आकडा वाचता येईल इतपत. शेजारी लिहिलं होतं, सहाशे चोवीस.

म्हणजे सात वर्षं त्यांना माहीत होतं. त्या सात वर्षांत त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. कण्यावरचं खोटं नाव तसंच राहू दिलं होतं.

खरं लिहायचं तर मला त्या वेळी आधी शरम वाटली नाही. आधी हेवाच वाटला. घराचा वाटला होता, वाचण्याचा वाटला होता, आता याचा वाटला. सात माणसांचं ओझं ज्याच्यावर होतं तो ते चारचौघांत बोलून मोकळा झाला होता. माझ्यावर तर एका पुस्तकाचंच होतं.

कुमुद चहा घेऊन आत आली. कप खाली ठेवून तिनं पुस्तक हातात घेतलं, चामड्यावरून बोट फिरवलं आणि कण्यावरची अक्षरं हळूहळू लावून वाचली. मी तिच्याकडे बघत होतो. सांगायला तिच्याइतकं जवळचं मला कुणी नव्हतं, आणि तिनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"दुधाचं काय आहे हे?"

"जुना अहवाल आहे," मी म्हणालो. "थोरवतांनी आठवण म्हणून पाठवलाय."

"तिसराच भाग?" ती म्हणाली. "आधीचे दोन कुठं गेले?"

"ते त्यांच्याकडे राहिले," मी म्हणालो आणि चहा घेतला.